कंग्राळीतला कुठला मारुती?

पाकिटावर एवढंच होतं: मारुती पाटील, मारुती गल्ली, कंग्राळी, बेळगाव. यातनं माणूस शोधून दाखवा. कंग्राळ्या दोन, खुर्द आणि बुद्रुक. बोलताना आम्ही केएच आणि बीके म्हणतो, जणू गोऱ्या साहेबानंच बारसं केलं होतं. मारुती गल्ली आमच्याकडं जवळजवळ दर गावात, शिवाय शहरातली वेगळी. आणि देवळापुढं उभं राहून मारुती पाटील अशी हाक मारली तर चार दारांतनं 'ओ' येईल. ओळखीच्या पोस्टमननं ते पाकीट उलटं करून बघितलं. पाठवणारा अलाहाबादचा, म्हणजे आताच्या प्रयागराजचा, संरक्षण खात्याच्या पेन्शनचं ऑफिस. "मग हा मिल्ट्रीतनं उतरलेला मारुती, केएचचा. बीकेतला मारुती दुधाचा धंदा करतोय, त्याला अलाहाबादहून कोण कशाला लिहील?" पाकीट खुर्दच्या गठ्ठ्यात गेलं.

याला वीस सेकंद लागले असतील. टपालवाटपाची जी नवी रचना येते आहे, तिच्यात या वीस सेकंदांना रकाना नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, पुढचं सगळं त्याचा विस्तार.

आधी रचना काय ते सांगतो. आजवर सकाळी सब-पोस्टात पिशवी यायची. पोस्टमन मंडळी लांबड्या टेबलाभोवती उभी राहून आपापल्या बीटचं, म्हणजे नेमून दिलेल्या भागाचं, टपाल वेगळं काढायची, गल्लीच्या क्रमानं लावायची आणि बाहेर पडायची. दुपारी परत येऊन उरल्यासुरल्याचा हिशेब. तुम्ही घरी नसलात तर दारात चिठ्ठी, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच पोस्टात जाऊन रजिस्टर सोडवून आणायचं. २०२५पासून खात्यानं टप्प्याटप्प्यानं 'स्वतंत्र वाटप केंद्रं' आणायला सुरुवात केली. पोस्टातली माणसं त्याला नुसतं आयडीसी म्हणतात. यात वाटपाचं काम काउंटरपासून तोडलं जातं. आसपासच्या अनेक पिनकोडांचे पोस्टमन एकाच मोठ्या केंद्रात हजर होतात. टपाल तिथं उतरतं, तिथनं निघतं, वाटप न झालेलं तिथंच परत येतं. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पोस्टात उरतात बचतखाती, तिकिटं आणि बुकिंग.

ही कल्पना अडाणी नाही. ज्यानं भाड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच पोस्टमन, दोन क्लार्क आणि पार्सलांचा ढीग एकत्र नांदताना बघितलाय, पावसाळ्यात गळतीखाली बादली आणि बादलीशेजारी मेलबॅग बघितली आहे, तो जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणार नाही. पत्रं आटली, पार्सलं वाढली. पार्सलाला जागा लागते, स्कॅनर लागतो, गाडी दाराशी यावी लागते. दहा ठिकाणी गाडी थांबवण्यापेक्षा एका ठिकाणी रिकामी केलेली बरी, हे कुठल्याही भाजीच्या व्यापाऱ्याला कळतं. त्यामुळं हे सगळं रद्दच करा, असं जे काही जण म्हणतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. पोस्टमन लोकांची तक्रार नीट ऐकली तर तीही तशी नाहीच. काम वाढलं म्हणून ते जेवढे कुरकुरतात, त्याहून जास्त, काम धड मोजलं जात नाही म्हणून.

आणि हे एकटं आलेलं नाही. १ फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात सांगितलं गेलं की दीड लाख ग्रामीण डाकघरं आणि २ लाख ४० हजार डाकसेवकांच्या बळावर भारतीय डाक ही मोठी सार्वजनिक लॉजिस्टिक संस्था होणार. त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत देशभरच्या पोस्टांत नवी संगणक-प्रणाली आली. सुरुवातीच्या दिवसांत काउंटरवर काय रांगा लागल्या ते ज्यांनी राखीचं पाकीट हातात घेऊन भोगलं त्यांना आठवत असेल. पाठोपाठ रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, १ ऑक्टोबरपासून नवे दर. म्हणजे प्रणाली नवी, टपालाचा प्रकार नवा, दर नवे, आणि त्यातच हजर व्हायची जागा नवी. घर बदलताना आपण निदान त्या महिन्यात मुलीचं लग्न काढत नाही.

मी पोस्टात नाही. माझे वडील होते, तेही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, ई.डी. म्हणून. तेव्हा ई.डी. म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल. ई.डी. दारात आला की लोक चहा टाकायचे, मागच्या दारानं पळत नसत. घरात टपालाचं बोलणं रोजचं, त्यामुळं कामाचं मोजमाप म्हणजे काय, हे मला जरा आतून माहीत आहे. पोस्टात किती माणसं लागतात हे काढायच्या जुन्या रीतींना बेवूर टाइम टेस्ट, मराठे टाइम टेस्ट अशी नावं आहेत. एक नाव कानडी मुलखातलं, एक मराठी. सीमाभागात बसून वाचलं की गंमत वाटते. या पद्धतींचा गाभा साधा: एका वस्तूला इतका वेळ, अशा इतक्या वस्तू, म्हणून इतकी माणसं. टेबलावरच्या कामाला हे चालतं. शिक्का मारायला किती वेळ लागतो ते बेळगावात आणि बंगळूरात सारखंच. दारापर्यंतच्या कामाला चालत नाही, कारण दार काही प्रमाणबद्ध वस्तू नाही.

पिनकोडचंच बघा. १५ ऑगस्ट १९७२ला तो आला. आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, कोकणातले, संस्कृतचे पंडित. गावांची नावं सारखी, लिप्या अनेक, पत्ते अर्धवट. यातनं पत्राला वाट काढून द्यायला सहा आकडे. पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. फार शहाणी रचना आहे ती. पण तिची हद्दही तिच्यातच लिहिली आहे: सहावा आकडा संपला की आकडे संपतात आणि माणूस सुरू होतो. आता डिजीपिन आला आहे, जमिनीच्या चार मीटर बाय चार मीटर तुकड्याला दहा अक्षरांचा पत्ता. चांगलंच आहे. घर कुठं ते तो सांगेल. पण पेन्शनवाला मारुती सकाळी दहा ते एक घरी नसतो, मळ्यातल्या खोपीवर असतो, आणि सून घरी असली तरी ओटीपी आलेला मोबाइल त्याच्याच खिशात असतो. तो चौकोन डिजीपिनच्या हिशेबात बरोबर असून रिकामा.

सीमाभागात हे दहापट होतं, आणि इथं मला जरा थांबून सांगू द्या. आमच्याकडं एका गावाला दोन नावं, दोन लिप्या आणि तीन स्पेलिंगं. बेळगाव १ नोव्हेंबर २०१४ला कागदोपत्री बेळगावी झालं. पत्र लिहिणाऱ्या मुंबईच्या मावशीनं ते अजून मनावर घेतलेलं नाही. निपाणी आणि निप्पाणी. सुळगा म्हटलं की उचगावच्या बाजूचं की येळ्ळूरच्या बाजूचं, हा प्रश्न आलाच. कोल्हापूरहून कुणी देवनागरीत पत्ता लिहितो, बुकिंगवाला तो इंग्रजीत टाइप करतो, आणि वाटायला येतं तेव्हा हाताखाली असलेला पोस्टमन कन्नड शाळेत शिकलेला असू शकतो. तो पोस्टमन मराठी शिकलेला असतो, हे मुद्दाम सांगायला हवं. मी ओळखतो त्यातले निम्मे कानडी पोस्टमन असं मराठी बोलतात की ऐकणाऱ्यानं त्यांचं गाव चंदगड समजावं. सभेत आणि मोर्चात आम्ही दोन बाजूंना असू. टेबलाभोवती उभं राहून टपाल लावताना तिथं एकच भाषा असते, गल्ल्यांची.

आणखी एक. शिनोळी महाराष्ट्रात, उचगाव कर्नाटकात. वेंगुर्ला रस्त्यानं एका दमात सायकल मारत जाता येईल एवढं अंतर. पण शिनोळीचा पिन ४१६नं सुरू होतो, उचगावचा ५९नं. शिनोळी ज्या कोल्हापूर डिव्हिजनच्या वाटेला जातं ती पणजीच्या गोवा रिजनमध्ये, बेळगाव डिव्हिजन धारवाडच्या उत्तर कर्नाटक रिजनमध्ये. १ नोव्हेंबर १९५६ला जी रेघ ओढली गेली तिच्यावर आमचे लोक अजून भांडतायत, दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. टपालानं मात्र ती रेघ निमूटपणे मान्य केली आणि आपल्या पायानं रोज ओलांडली. सासर इकडं, माहेर तिकडं, कारखाना तिकडं, घर इकडं. इथला पत्ता म्हणजे नुसतं ठिकाण नव्हे, नात्यांचा गुंता आहे, आणि तो सोडवायची किल्ली बीटवर आठ-दहा वर्षं काढलेल्या माणसाच्या डोक्यात असते.

नव्या रचनेची भीती इथंच आहे. दहा पोस्टांची माणसं एका केंद्रात आली की बीट पुन्हा आखली जातात. नकाशावर आखली जातात, अंतर आणि संख्या बघून. कुणी रजेवर गेला की शेजारचा त्याचं बीट ओढतो. कंबाइन ड्यूटी हा शब्द पोस्टात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लहान पोस्टात ही अदलाबदल दोन-तीन ओळखीच्या माणसांत व्हायची. मोठ्या केंद्रात कुणाचंही बीट कुणालाही. "सर, त्यांचं मॅप म्हणतंय दोन किलोमीटर. मधी मार्कंडेय आडवी हाय, पावसात पाणी आलं की मी सहा किलोमीटर फिरून जातोय. मॅपाला ते कोण सांगणार?" असं मला ज्यानं सांगितलं तो तक्रार करत नव्हता. हसत होता.

याचा झटका मी खाल्लेला आहे. जिल्ह्यातल्याच एका पोस्टातली गोष्ट, नाव घेत नाही, कारण दोष त्या एका पोस्टाचा होता असं मला वाटत नाही. भाच्याचं मुलाखतीचं बोलावणं आलं. लेबलवर गावाचं नाव होतं, खुर्द की बुद्रुक ते टाइप करणाऱ्यानं गाळलेलं. नेहमीचा पोस्टमन आजारी, दुसरा दोन बीटं ओढत होता. पत्र आधी चुकीच्या गावी गेलं, तिथं 'पत्ता अपुरा' असा शेरा पडला, मग दोन दिवस पडून राहिलं. हातात आलं तेव्हा मुलाखत होऊन तीन दिवस झाले होते. बहिणीनं त्या बदली पोस्टमनला शिव्या घातल्या. मी पोस्टात गेलो तेव्हा तो पाच वाजता डबा खात होता. त्याला काय बोलायचं?

शेऱ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण फार कमी लोक याकडं बघतात. पोस्टमन पाकिटावर जो एक शब्द लिहितो, तो कोर्टात बोलतो. १८९७च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं २७वं कलम असं की योग्य पत्ता घालून, तिकीट लावून नोटीस रजिस्टरनं टाकली की, उलट काही सिद्ध होईपर्यंत, ती पोचली असं धरलं जातं. 'घेण्यास नकार' असा शेरा असेल तर माणसाला नोटीस मिळाली असंच न्यायालयं सहसा मानतात. आमच्याकडं जमिनीचे वाद म्हणजे घरटी एक. हलगा-मच्छे बायपासच्या भूसंपादनाचं भांडण ज्यांनी जवळून बघितलं, त्यांना नोटीस कुणाला, कधी आणि कशी मिळाली याचं मोल सांगायला नको. आता अशा माणसाला, ज्याचा एक शब्द कुणाची दोन एकर ठरवतो, तुम्ही पुढच्या दारी जायची इतकी घाई लावता की दार एकदा वाजवून 'दरवाजा बंद' लिहिणं हेच त्याला परवडतं. काही पोस्टमन आळसानं असं लिहितात, हेही खरं. मी स्वतः घरात पंख्याखाली बसलेला असताना माझं दार 'बंद' होतं. पण आळशी माणसाला आणि दमलेल्या माणसाला एकच शेरा लिहावा लागेल अशी व्यवस्था केली, तर त्यातला आळशी कोण हे ओळखणार कसं?

आणि ती नोटीस असते कन्नडमध्ये. मराठी शाळेत चौथी शिकलेली आजी ती हातात घेते, उलटसुलट करते आणि विचारते, "काय लिवलंय रे बाळा?" पोस्टमन उंबऱ्यावर बसतो आणि वाचून सांगतो. घरपट्टीची आहे, घाबरू नका. किंवा, ही कोर्टाची आहे आज्जी, संध्याकाळी पोराला वकिलाकडं धाडा. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळावेत, ही मागणी इथं दशकानुदशकं चालू आहे. निवेदनं दिली गेली, मोर्चे निघाले. कागद काही मराठीत आले नाहीत. जी पोकळी राहिली तिच्यातलं थोडं रोज सकाळी कुणी भरलं असेल तर या माणसानं, आणि त्यातले बरेच जण स्वतः कानडी. हे त्याचं काम नाही, मान्य. कुरिअरवाला पोरगा वाचून दाखवत नाही, फोटो काढतो आणि किक मारतो. खात्यातला कुणी साहेब म्हणेल, वाचून दाखवायला आम्ही पगार देत नाही.

याला उत्तर आहे. तुम्ही त्याच वाचून दाखवण्यावर धंदा करता. १ सप्टेंबर २०१८ला पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली. तिच्यातर्फे पोस्टमन दारात बोटाचा ठसा घेऊन पैसे काढून देतो. नोव्हेंबर २०२०पासून पेन्शनरांचा हयातीचा दाखला दारात करून देतो, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे, तिथं पेन्शनर किती असतील याचा अंदाज करा. ग्रामीण टपाल विम्याची टार्गेटं त्याच्यावर, खाती उघडायच्या मेळ्यांची टार्गेटं त्याच्यावर. आजी त्याच्या यंत्रावर अंगठा ठेवते तो कुठल्या बँकेवरच्या विश्वासानं? त्या बँकेचं नाव तिला सांगता येणार नाही. गेल्या आषाढात यानं नोटीस वाचून दाखवली होती, म्हणून ती अंगठा ठेवते. म्हणजे विश्वास विकायचा महिन्याच्या टार्गेटात, आणि तो ज्या वेळात कमावला गेला तो वेळ 'अनुत्पादक' म्हणून बीटमधनं कापायचा. बियाणं खाऊन पेरणी होत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही.

पैशाचंही बोलू, कारण पोस्टमन स्वतः ते लाजून बोलत नाहीत. पोस्टमनला सायकलीचा देखभाल भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानं तो बंद करा म्हटलं होतं. सरकारनं २०१७मध्ये तो ठेवला आणि दुप्पट केला. महिन्याला ९०चे १८० रुपये. सायकलीला. आता समजा, नवं केंद्र नेहमीच्या पोस्टापेक्षा चार किलोमीटर लांब आहे. जाऊन-येऊन आठ. पंचवीस दिवसांचे दोनशे किलोमीटर, आणि यात एकही पत्र वाटलेलं नाही. ही नुसती हजेरी. मोटरसायकल लिटरला पन्नास धावली तरी चार लिटर. कागलपलीकडची मंडळी पेट्रोल भरायला निपाणीकडं येतात, इतकं ते आमच्याकडं स्वस्त, तरीही लिटर शंभराच्या वर. म्हणजे चारशेहून जास्त गेले, मोटरसायकल त्याची स्वतःची, टायर त्याचे, पंक्चर त्याचं. केंद्रामुळं खात्याच्या गाडीचे फेरे वाचले ते खरंच वाचले. फक्त ते कुणाच्या खिशातनं वाचले हे ताळेबंदात दिसत नाही.

डाकसेवकाची कथा आणखी वेगळी. जुना ई.डी. तोच आताचा ग्रामीण डाकसेवक. सर्वोच्च न्यायालयानं १९७७मध्ये राजम्मा खटल्यात म्हटलं की हे लोक सरकारी पदच धारण करतात. तरी नियमित नोकराचा पगार आणि पेन्शन त्यांच्या वाट्याला आजही नाही. त्यांच्या पगाराचा विचार करणाऱ्या कमलेशचंद्र समितीनंतर, तेही २०१८च्या मे-जूनमधल्या लांबलेल्या संपानंतर, जी आकडेवारी लागू झाली तिच्यात मूळ रक्कम कामाच्या चार तासांना १० ते १२ हजार, पाच तासांना १२ ते साडेचौदा हजार. चार तास की पाच तास, हे ठरतं कामाच्या मोजणीवर. म्हणजे मोजणी हा त्यांच्यासाठी वैचारिक प्रश्न नाही, तो महिन्याच्या किराण्याचा आहे. वस्तू कमी भरल्या तर तास कमी, तास कमी तर पैसे कमी. पण खानापूरच्या जंगलपट्ट्यात तीन पत्रांनाही तेवढंच चालावं लागतं जेवढं तीसांना.

हे दुखणं आपल्याच नशिबी आलंय असं नाही. ब्रिटनमध्ये २८ जुलै २०२५पासून सेकंड क्लासची पत्रं एक दिवसाआड वाटायला सुरुवात झाली आणि तिथल्या पोस्टमनांच्या संघटनेचीही तक्रार कामाच्या ओझ्याचीच. डेन्मार्कमध्ये तर सरकारी टपाल कंपनीनं २०२५च्या अखेरीस पत्रवाटपच थांबवलं. हे दाखले आपल्याकडं देताना लोक एक विसरतात: डेन्मार्कात पत्र गेलं कारण सरकारी कागद आधीच मोबाइलवर गेला होता. आमच्याकडं कोर्ट, तहसील, पासपोर्ट, एटीएम कार्ड, वाहन परवाना सगळं अजून कागदावर आणि दारात. तिकडचं औषध इकडं द्यायला हरकत नाही, आजार तोच आहे का एवढं बघून द्यावं.

मग करायचं काय? माझ्या मते केंद्रात काय न्यावं आणि काय नेऊ नये हे वेगळं करता येतं. पार्सलं न्या. जड माल, स्कॅनिंग, गाड्या, खुशाल एका छताखाली आणा. पण दारात माणूस न सापडल्यामुळं परतलेलं पत्र संध्याकाळी पुन्हा गल्लीतल्या पोस्टाच्या काउंटरवर यायलाच हवं. वडगावच्या विणकरानं मागाखालचा दिवस मोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला पाकीट आणायला जायचं, हा त्याच्यावर बसवलेला कर आहे. बीट बदलायचंच असेल तर जुन्या माणसाबरोबर नव्यानं निदान महिनाभर फिरावं, दोघांना पगार देऊन. शाळेत शिक्षक बदलला तरी हजेरीपट हातात दिला जातो. भत्ता सायकलीचा असेल तर सायकलीनं होईल एवढंच बीट द्या, नाहीतर मोटरसायकलीचा भत्ता द्या. आणि अ‍ॅपात जसा 'दरवाजा बंद'चा पर्याय आहे, तसा 'पत्ता शोधून दिला' असा एक पर्याय ठेवा. त्याचे पैसे देऊ नका हवं तर. निदान वर्षाअखेर कळेल की सीमाभागातल्या पोस्टमननं अशी किती पाकिटं बुद्रुकहून खुर्दला वळवली. मग तो आकडा समोर ठेवून ठरवा, किती माणसं लागतात.

संघटनांचंही थोडं चुकतं. मोर्चात 'काम वाढलं, काम वाढलं' एवढंच ऐकू येतं आणि लोक म्हणतात, कुणाचं वाढलं नाही? त्यापेक्षा प्रत्येक बीटची एक महिन्याची वही ठेवा. कुठं गेलो, किती वेळ थांबलो, का थांबलो. खातं आकडे मागतं, तर आपले आकडे आपण मांडावेत. टेबलाभोवती कानडी-मराठी एकत्र उभी राहणारी ही माणसं वहीही एकत्र लिहू शकतील, आणि जिल्ह्यात अशा वह्या फार नाहीत.

आणि खात्याला मोजणी करायचीच असेल, तर माझी एक विनंती आहे: फेब्रुवारीत येऊ नका. फेब्रुवारीत आमच्याकडं हवा छान असते, रस्ते कोरडे, पोस्टमन शीळ घालत जातो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात या. बेळगावात उतरून जांबोटीमार्गे कणकुंबीकडं चला, मलप्रभा जिथं उगम पावते तिकडं. तिथं छत्री टिकत नाही. पुढं भीमगडच्या जंगलात ज्या वाड्या आहेत, तिथल्या ओढ्यांवर पाणी चढलं की आजारी माणसाला तिरडीसारखं बांधून खांद्यावरनं आणावं लागतं. घड्याळ घेऊन या, मोबाइलवरचं नको, त्याला रेंज नसते. माझे वडील पत्रं युरियाच्या पोत्याच्या आतल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, ती गुंडाळी पोटाशी बांधून, वरनं घोंगडीची खोळ घेऊन निघायचे. घरी आले की आधी गुंडाळी सोडून चुलीजवळ ठेवायचे, मग अंग पुसायचे. त्या गुंडाळीत कधी दोन पत्रं असायची, कधी एकच.